तळघरात कोणाला ठेवायचं?

जेनिफर केंट या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शिकेने २००५मध्ये ‘मॉन्स्टर’ हा छोटा कृष्णधवल भयपट केला. त्यातूनच २०१४चा ‘द बाबाडूक’ उभा राहिला. विधवा आई, हट्टी मुलगा आणि उंच टोपीवालं काळं भूत. गोष्टीत समलिंगी कोणी नाही. तरी २०१७च्या समलिंगींच्या प्राइड मिरवणुकांमध्ये लोक बाबाडूक बनून नाचले. थट्टा होती, पण निव्वळ थट्टा नव्हे. शेवटी आई भुताला मारत नाही, तळघरात ठेवते आणि वाडग्यात गांडुळं नेऊन देते.

मी समलिंगी आहे हे कळल्यावर मामा मला देवऋषीकडे घेऊन गेला. लिंबू, धूर, पाठीत केरसुणी. ‘कोण आहेस, बोल!’ मी माझंच नाव सांगत होतो. तेच देवऋषीला नको होतं. नैराश्य आलं ते त्यानंतर. गोळ्या अजून चालू आहेत.

जे जाणार नाही त्याला हाकलणं हा धर्म, की जेवू घालणं? आमच्या आरवलीचा वेतोबा हा भुतांचा राजा, पण त्याला आम्ही केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चपला वाहतो. एवढी समज गावाला आहे, मामाला नव्हती. केंटशी माझं एकच भांडण आहे. तिचं भूत म्हणजे शोक. माझं प्रेम काही शोक नव्हे, त्याला तळघर कशाला? तिथे नैराश्याने राहावं. त्याला मी जेवू घालीन.