पेरणी आणि पैज

मृगाचा पाऊस लांबला की औशाच्या बाजारात एक वाक्य हटकून कानी पडते : शेती म्हणजे पावसावरचा जुगार. बोलणारा त्राग्याने बोलतो, ऐकणारा मान डोलावतो, आणि दोघेही बियाण्याच्या दुकानाकडे वळतात. वर्षानुवर्षे ऐकून हे वाक्य आम्हांसही खरे वाटू लागले होते. परंतु याच तालुक्यातील तरुणांच्या हातातील मोबाइलवर खराखुरा जुगार येऊन बसला, तेव्हा त्याचा पुन्हा विचार करणे आम्हांस भाग पडले. शेती जर जुगार असेल, तर शेतकऱ्याच्या मुलाने रमीवर पैसे लावले यात वेगळे ते काय घडले? आणि वेगळे काही घडले नसेल, तर त्याविरुद्ध कायदा तरी कशासाठी?

हा कायदा संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये संमत केला. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा आणि २२ ला राष्ट्रपतींची संमती, अशा त्वरेने तो झाला. पैसे लावून खेळले जाणारे सर्व ऑनलाइन खेळ त्याने निषिद्ध ठरविले. असा खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंड, त्याची जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व पन्नास लाखांपर्यंत दंड, आणि त्यासाठी पैशांची देवघेव करून देणाऱ्या संस्थांनाही शिक्षा, अशी त्यात तरतूद आहे. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. तो गुन्हेगार नसून बळी आहे, अशी शासनाची भूमिका आहे. या भूमिकेकडे आपण पुढे वळू.

जुगाराला कायद्याने बंदी ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. मुंबई इलाख्याचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ सालचा. तरीही न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावांवर मुंबईत पैजा लागत, आणि पुढे त्यातूनच मटका उभा राहून त्याचे आकडे खेड्यापाड्यांतील पानटपरीपर्यंत पोहोचले. १९५७ साली बक्षिसाच्या शब्दकोड्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुगार हा व्यापारच नव्हे, सबब व्यापाराच्या स्वातंत्र्याचे संरक्षण त्याला मिळणार नाही, असा निर्वाळा दिला. मात्र ज्यात कौशल्य प्रधान आहे तो जुगार नव्हे, हा भेदही न्यायालयांनी मान्य केला. १९६७ साली रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरला, आणि अर्धशतकानंतर मोबाइलवरील रमीच्या कंपन्या नेमक्या याच दारातून आत आल्या. २०२५ च्या कायद्याने ते दार लावून घेतले. कौशल्य असो वा नशीब, पैसे लावले की बंदी, असे त्याने ठरविले.

आमच्या मते नीतीच्या दृष्टीने हे योग्य झाले. कारण कौशल्य की नशीब, हा प्रश्नच मुळी चुकीच्या जागी विचारलेला होता. नशिबाला कौल लावणे हे स्वतः पाप नव्हे. यूदाच्या जागी बारावा प्रेषित निवडताना शिष्यांनी प्रार्थना करून चिठ्ठ्याच टाकल्या, आणि मथियाची निवड झाली. त्याच रीतीने क्रुसाच्या पायथ्याशी शिपायांनीही चिठ्ठ्या टाकल्या. दोन्हीकडे कृती एकच. परंतु पहिल्या ठिकाणी कोणाचे काही हिरावले जात नव्हते, आणि दुसऱ्या ठिकाणी मरणाऱ्या माणसाच्या अंगावरचा झगा वाटून घेतला जात होता. खरा प्रश्न आहे तो हा : माझ्या हाती जे येते, ते कोणाच्या हातून जाते?

हा प्रश्न घेऊन आता शिवारात जाऊ. शेतकरी सोयाबीन पेरतो तेव्हा तो निःसंशय जोखीम पत्करतो. पाऊस दगा देतो, कधी २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्याने अनुभवले तसा अतोनात कोसळून उभे पीक नेतो, आणि पीक हाती आले तर भाव पडतो. तरीसुद्धा ही पैज नव्हे. त्याचे शेत पिकले म्हणून शेजाऱ्याचे करपत नाही. एका दाण्याचे अनेक दाणे होतात आणि जगात धान्याची भर पडते. त्याचे पीक बुडाले, तरी त्याच्या बुडण्यावर कोणाचा नफा बेतलेला नसतो; बेतलेला असेल, तर ते सावकाराचे पाप, पेरणीचे नव्हे. पैजेत मात्र नवा दाणा निर्माणच होत नाही. दहा जणांनी टाकलेल्या पैशातून खेळ चालविणारा आपला हिस्सा आधी काढून घेतो, उरलेले एकाला मिळते, आणि त्या एकाचा आनंद नऊ जणांच्या तोट्याइतकाही मोठा नसतो. हरणारा नसेल, तर जिंकणाऱ्याला देण्यासारखे तेथे काहीही नाही.

आपले शुभवर्तमान जोखमीला भीत नाही. पेरणाऱ्याच्या दाखल्यात बी वाटेवर पडते, खडकावर पडते, काटेरी झुडपांत पडते, तरी पेरणारा पेरतोच. मिळालेले धन भीतीपोटी पुरून ठेवणाऱ्या चाकराला धनी बोल लावतो. म्हणून धोका पत्करणे आणि जुगार खेळणे यांची गल्लत आपण करू नये. पेरणारा परमेश्वराच्या निर्मितीवर विश्वास टाकतो. पैज लावणारा शेजाऱ्याच्या पराभवावर.

२०२५ च्या जुलैमध्ये राज्याच्या तत्कालीन कृषिमंत्र्यांचे विधिमंडळ सभागृहात मोबाइलवर रमी पाहत असल्याचे चित्रण प्रसिद्ध झाले. आपण खेळत नव्हतो, पडद्यावर आलेला खेळ बंद करीत होतो, असे त्यांनी सांगितले, आणि त्या वादात आम्हांस शिरावयाचे नाही. परंतु त्याच दिवशी लातुरात शेतकऱ्यांची बाजू मांडावयास आलेल्या कार्यकर्त्यांनी त्यांच्या पक्षाच्या प्रदेशाध्यक्षांपुढे पत्ते टाकले, आणि पुढे त्यांना मारहाण झाली, हे आपल्या जिल्ह्याने पाहिले. पत्त्यांनी एवढा संताप का उसळावा? पेरणी करणाऱ्यांचा सांभाळ करणे हे ज्याचे काम, त्याच्या हाताशी पैजेची नुसती सावलीही लोकांना सोसवली नाही, असे आम्हांस वाटते. शेतीला जुगार म्हणणाऱ्या आपल्या लोकांना दोहोंतील भेद अंतर्यामी ठाऊक आहे.

आता कायद्याच्या परिणामांविषयी. संमतीबरोबर मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ बंद केले, आणि भारतीय क्रिकेट संघाच्या सदऱ्यावर झळकणारे अशाच एका कंपनीचे नाव उतरले. हा लाभ लहान नव्हे. ज्या खेळाडूंना मुले देव मानतात, त्यांच्या तोंडून येणारे आमंत्रण थांबले. परंतु विरोधकांच्या शंकाही प्रामाणिकपणे ऐकल्या पाहिजेत. नोकऱ्या जातील, शासनाचा कर बुडेल, आणि उघड कंपन्या बंद पडल्यावर खेळणारे परदेशातून चालणाऱ्या चोरट्या संकेतस्थळांकडे वळतील, असे ते म्हणतात. यांतील शेवटची शंका खरी आहे. मटक्याचा इतिहासच तिची साक्ष देतो. शेजारच्या तेलंगणाने २०१७ सालीच अशा खेळांवर बंदी घातली होती. परंतु देगलूरच्या बाजूने सीमा ओलांडून महाराष्ट्रात आले की पलीकडे बंद असलेला खेळ अलीकडे खुला होता. कर्नाटकाचा २०२१ चा कायदा तेथील उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द ठरविला. केंद्राच्या कायद्यालाही आव्हान मिळाले, आणि २०२५ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या याचिका आपल्याकडे वर्ग करून घेतल्या.

मग जो कायदा पूर्णतः पाळला जाणार नाही, तो करावाच का? संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात या प्रश्नाचा विचार केला आहे. मानवी कायद्याने प्रत्येक दुर्गुणाला मनाई करू नये; ज्यांपासून बहुसंख्य माणसे दूर राहू शकतात असे गंभीर दुर्गुण, आणि विशेषतः इतरांना अपाय करणारे, तेवढेच त्याने रोखावेत, असे त्यांचे प्रतिपादन. या कसोटीवर पाहता कायद्याने खेळणाऱ्याचा मोह नव्हे, तर त्या मोहाचा व्यापार रोखला, हे उचितच झाले. कर बुडण्याचे म्हणाल, तर २०२३ च्या ऑक्टोबरपासून खेळणाऱ्याने भरलेल्या रकमेवर २८ टक्के कर लागू झाला होता. म्हणजे कोणाच्या घरचे शंभर रुपये बुडण्याच्या वाटेला लागले की राज्याच्या तिजोरीलाही त्यात वाटा होता. असा कर बुडणे हे राज्याचे नुकसान नसून सुटका आहे.

आकड्यांविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. सुमारे ४५ कोटी लोक दरवर्षी जवळजवळ २० हजार कोटी रुपये या खेळांत गमावतात, असा शासकीय अंदाज त्या वेळी सांगितला गेला. भागाकार केला तर माणशी साडेचारशे रुपयेही होत नाहीत. एखादा म्हणेल, एवढ्याचा काय तो बाऊ! परंतु तोटा कधी सरासरीने वाटून येत नाही. अनेकांचे शंभर-दोनशे जातात, आणि एखाद्याचे घर जाते. नव्याण्णव मेंढरे सुखरूप आहेत हे मोजून जो स्वस्थ बसत नाही, त्या मेंढपाळाचे आपण अनुयायी. आपल्याला त्या एका घराविषयीच बोलले पाहिजे.

असे एक घर आमच्या परिचयाचे आहे. २०२४ च्या हंगामातील सोयाबीन विकून आलेले पैसे वडिलांच्या खात्यावर होते, आणि ते खाते मुलाच्या मोबाइलला जोडलेले होते. रब्बीचे बियाणे आणण्याच्या दिवशी खाते रिकामे निघाले. मुलाने वाईट मार्गाने काही केले नव्हते, असे तो स्वतःला समजावीत होता. आधी हरलेले परत मिळवून तो पैसे मुकाट्याने जागेवर ठेवणार होता. पुढे कायदा झाल्याची बातमी आली तेव्हा त्याची आई आम्हांस म्हणाली, “कायदा म्हंतो पोराचा गुन्हा न्हाई. मग आमचं सोयाबीन नेलं कुणी?”

त्या माउलीच्या प्रश्नात सगळा नीतिशास्त्राचा पेच आहे. शिक्षा नाही म्हणजे दोष नाही काय? ख्रिस्तसभेची शिकवण येथे फार समतोल आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात, २४१३ व्या परिच्छेदात, पैजेचे खेळ मुळातच अन्यायाचे मानलेले नाहीत. मात्र स्वतःच्या वा इतरांच्या गरजेचे जे आहे ते हिरावले गेले की ते अस्वीकार्य ठरतात, आणि त्यांची ओढ माणसाला गुलाम करू शकते, असा इशारा तेथे आहे. गरजेचे ते कोणते, हे त्या रिकाम्या खात्यापुढे वेगळे सांगावयास नको. ते रब्बीचे बियाणे होते. आणि गुलाम हा शब्द दोन्ही अंगांनी खरा आहे. गुलामाला साखळी घालणारा वेगळा असतो, म्हणून कायदा त्याला पकडतो. परंतु गुलामही माणूसच असतो; ‘त्याने काहीच केले नाही’ असे म्हणणे म्हणजे त्याचे माणूसपणच नाकारणे होय. मुलगा बळी आहे हे खरे, आणि त्याने वडिलांचा विश्वास मोडला हेही खरे. कायद्याला यांपैकी एकच सत्य पुरते. कुटुंबाला दोन्ही सांभाळावी लागतात, आणि म्हणूनच क्षमा कायद्याला देता येत नाही, ती घरालाच द्यावी लागते. दोष मान्य झाल्याखेरीज क्षमेला अर्थ नाही.

संत कॅमिलस दे लेलिस यांचे चरित्र या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. तरुणपणी शिपाईगिरी करणारा हा माणूस जुगारात सर्वस्व हरला. पुढे पोटासाठी तो कपुचिन धर्मबंधूंच्या बांधकामावर मजुरीला लागला, आणि १५७५ साली तेथेच त्याचे परिवर्तन झाले. आजाऱ्यांची सेवा करणारा संघ त्याने स्थापन केला, आणि रुग्ण व परिचारिकांचा आश्रयदाता संत म्हणून आपण त्याचे नाव घेतो. त्या कंगाल जुगाऱ्याला कामावर घेणारे कोणी नसते तर? परिवर्तन देवाच्या कृपेने झाले, परंतु कृपेला पाय ठेवावयास जागा माणसांनी दिली होती.

ती जागा आपण देतो काय? त्या घरच्या मुलाने चर्चला येणे सोडले होते. आम्हांस वाटले, लाज वाटत असेल. नंतर कळले की सणाच्या दिवशी तो मंडपापर्यंत आला होता. आत हाउझीचे आकडे पुकारले जात होते. तो तसाच माघारी गेला. आमच्या मनात हाउझीविषयी कधी वावगे आले नव्हते. दहा-वीस रुपयांचे तिकीट, सगळी कुटुंबे एकत्र, उरलेला पैसा चर्चच्या कामाला. यात कोणाच्या गरजेचे काही जात नाही, आणि ख्रिस्तसभेच्या शिकवणीत ते दोषास्पद नाही, हे आजही आम्ही म्हणू. राज्यानेही १९६९ साली आपली लॉटरी सुरू केलीच होती. परंतु संत पौलाने करिंथकरांस लिहिताना एक वेगळी कसोटी ठेवली आहे : जे मला मोकळे आहे, त्याने माझा दुर्बल भाऊ अडखळत असेल, तर मी ते सोडीन. दारू सोडलेल्या माणसापुढे आपण पेला ठेवीत नाही. मग एका वर्षी सणाला हाउझीऐवजी दुसरे काही ठेवले, तर आपला सण उणा होईल काय?

कायद्याचे काम कायदा करील. काही अंशी यशस्वी होईल, काही अंशी हरेल. आपल्या वाट्याचे काम वेगळे आहे. ज्या घरात हे घडले आहे, त्या घराला ते बोलून दाखविण्याइतका धीर यावा, बियाण्यासाठी त्याला सावकाराच्या दारी जावे लागू नये, आणि त्या मुलाला कोणी तरी काम द्यावे, हे कोणत्याही कलमात लिहिलेले नाही.

त्या कुटुंबाने गेल्या खरिपात उसनवारीवर पुन्हा पेरणी केली. मुलगा बापाबरोबर शेतात होता. त्या वेळीही बाजारात कोणी तरी म्हणालेच असेल की शेती म्हणजे जुगार. आम्ही मात्र ते वाक्य आता उच्चारीत नाही.