भाकर औषधात मोडते का?



गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सानंतर आम्ही काही जण एका आजारी आजींना भेटायला गेलो होतो. आजी एरंडोलकडच्या, वय पंचाहत्तरच्या पुढे, घरी एकट्याच. मधुमेहाने पायाची जखम चिघळली म्हणून त्यांना जळगावला दवाखान्यात ठेवले होते. खर्च शासनाच्या आरोग्य योजनेतून झाला. आजी म्हणाल्या, "भाऊ, तिथं होते तोवर ताट समोर यायचं. घरी आले, डबा उघडला, तर पीठच नाही."

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत दाखल रुग्णाचे जेवण आणि घरी परतण्याचे गाडीभाडेसुद्धा धरलेले असते. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या कुणालाही, उत्पन्न न पाहता, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार दवाखान्यात दाखल होऊन घेता येतात. ही मोठी सोय आहे, तिला नावे ठेवायची नाहीत. पण त्यातले जेवण खाटेपुरते आहे. खाट सुटली की धान्याचा विषय दुसऱ्या खात्याकडे, दुसऱ्या कार्डाकडे जातो. प्राधान्य कुटुंबाच्या रेशनकार्डावर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते, २०२३ पासून तेही मोफत. आजी एकट्या, म्हणून पाचच किलो. त्यात बहुधा गहू आणि तांदूळ. डॉक्टर सांगतात भात कमी करा, आणि पिशवीत तांदूळच येतो. आपली दादर ज्वारी, कळण्यासाठी लागणारे उडीद हे सारे विकतच घ्यावे लागते. शिवाय आयुष्यभर निंदणी-खुरपणी करून झिजलेला अंगठा यंत्राला ओळखू येत नाही, मग फेऱ्या होतात त्या वेगळ्याच.

ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांनी तिकडची एक गोष्ट ऐकली असेल. तिथे ६५ वर्षांवरील लोकांसाठी मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा आहे. त्यातल्या खाजगी कंपन्यांमार्फत चालणाऱ्या योजनांना २०१८ च्या एका कायद्याने मुभा मिळाली, आणि २०२० पासून त्यांतल्या काही योजना मधुमेह, हृदयविकार असे जुने दुखणे असलेल्या वृद्धांना किराणा घेण्यासाठी पैसे भरलेले कार्ड देतात. कंपनीचा हिशेब साधा आहे. भाजी स्वस्त, दवाखाना महाग.

ऐकून आम्हाला बरे वाटले. मग शंका आली. दवाखान्याचा खर्च वाचतो म्हणून जर जेवण द्यायचे, तर ज्याला जेवू घालून काहीच वाचणार नाही त्याचे काय? नव्वदीचा, अंथरुणाला खिळलेला म्हातारा चार घास जास्त खाऊन कुणाचा पैसा वाचवणार? हिशेबाने चालायचे तर त्याचे ताट आधी उचलावे लागेल. आमच्यातला एक जण मात्र म्हणाला, "कारणाशी आजींना काय करायचे? पीठ डब्यात पडले म्हणजे झाले." त्याचेही खोटे नाही. सरकारदरबारी मागणी करताना हा हिशेब जरूर मांडावा. पण वाटप त्यावर ठरू नये, असे आम्हाला वाटते.

आपल्याकडे ही समज नवी नाही. २००० सालच्या २५ डिसेंबरला, नाताळच्याच दिवशी, अंत्योदय अन्न योजना सुरू झाली, आणि पुढे तिच्यात निराधार वृद्धांची व असाध्य आजाऱ्यांची घरे घेतली गेली. क्षयरोग्याला आहारासाठी २०१८ पासून महिना ५०० रुपये आणि नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये मिळतात, म्हणजे अन्न हा उपचाराचा भाग आहे हे शासनाने तिथे मान्य केले आहे. आईवडिलांच्या पालनपोषणाच्या २००७ च्या कायद्यात तर निर्वाह म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार असे एकत्रच लिहिले आहे.

पहिल्या ख्रिस्तसभेत रोजच्या वाटपातून ग्रीक बोलणाऱ्या विधवा सुटत होत्या, तेव्हा त्या एका कामासाठी सात माणसे नेमली गेली. त्या विधवांना खाऊ घालून काय फायदा, असे तेव्हा कुणी विचारल्याचे प्रेषितांच्या कृत्यांत दिसत नाही.

आणि आम्ही? शस्त्रक्रियेसाठी वर्गणी काढायची म्हटले की आम्ही हिरिरीने पुढे होतो. कुणी मदत मागायला आला की बिल मागतो. पिठाचे बिल कोण आणून देणार? धुळ्याला, पुण्याला नोकरी करणारी आपली मुलेही तशीच. आईच्या ऑपरेशनला रजा टाकून धावतात, पण फोनवर "जेवलीस का?" विचारले आणि "हो" ऐकले की काय जेवली हे विचारत नाहीत.

निघताना आम्ही आजींना विचारले, पुढच्या रविवारी येताना काय आणू? त्यांनी बराच वेळ काही नको, काही नको केले. मग म्हणाल्या, "दादर आणा. पण दळूनच आणा, गिरणीपर्यंत पाय चालत नाही."