शितावरून धरणाची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा करावी, हे आपण सर्वजण स्वयंपाकघरातच शिकलो. पवारांच्या काळापासून माळव्यात नांदणाऱ्या आपल्या घराण्यांत ही म्हण अजून रोजच्या बोलण्यात आहे. परंतु ही कसोटी भातापलीकडे कितपत चालते, याचा विचार आपण क्वचितच करतो.

उदयनगरच्या आग्नेयेस, नर्मदेवर, पुनासा येथे इंदिरासागर धरण उभे आहे. ते काँक्रीटचे असून ६५३ मीटर लांब आणि ९२ मीटर उंच आहे. अशा काँक्रीटचा नखाएवढा तुकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर सिमेंट व पाणी यांच्या संयोगातून निपजलेले सुईसारखे आणि पत्र्यासारखे स्फटिक दिसतात. खडीलगतची सच्छिद्र कडाही दिसते. मात्र धरणातील कित्येक खडे त्या तुकड्याहून मोठे असतात. शिवाय यंत्रातील निर्वात पोकळीत तुकडा सुकतो व त्यास नव्या भेगा पडू शकतात. तेव्हा भेग मूळची की परीक्षेने पाडलेली, हे आधी ठरवावे लागते.

मग एक शीत निरुपयोगीच काय? तसेही नाही. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश मिसळले होते, हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अशाच सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने दाखविण्यात आले. लहानशा नमुन्यावरून ‘आहे’ एवढे सिद्ध होते. ‘सर्वत्र असेच आहे’ हे सिद्ध होत नाही.

भात एकाच आधणात सारखा शिजतो, म्हणून तेथे एक शीत पुरते. माणसे एका आधणात शिजत नाहीत. आपल्या मुलांच्या मराठीत एखादा हिंदी शब्द ऐकून पुण्याकडील आप्त ‘यांची भाषा गेली’ असे म्हणतात, तेव्हा आपण दुखावतो. पण एका गड्याच्या चुकीवरून आपण त्याच्या अख्ख्या पाड्याला नावे ठेवतो, तेव्हा तोच अन्याय आपल्या हातून घडत असतो.

प्रामाणिक परीक्षक नमुने कोठून व किती घेतले, हे निष्कर्षाआधी नोंदवितो. ‘ते लोक असेच’ म्हणण्याऐवजी ‘आम्हांस भेटलेला एक असा होता’ एवढेच म्हणण्याची सवय आपण लावून घेतली, तर पुष्कळ अन्याय टळेल.