भिंत कुणासाठी?

आमच्या वर्गातला एक मुलगा महिन्यातून एक-दोनदा गैरहजर राहतो. कारण विचारले की मान खाली घालून म्हणतो, "सर, अब्बा की मुलाकात थी." अब्बा कल्याणच्या आधारवाडी जेलमध्ये आहेत. खटला अजून चाललेला नाही. जामीन मंजूर झाला आहे, पण जामीनदार मिळत नाही.

याच महाराष्ट्रात भिंत नसलेली कैदही आहे. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत १९३९ साली औंध संस्थानात सुरू झाली. कल्पना मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची. तिला साथ दिली राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी. तिथे कैदी बायकामुलांसह राहतात, शेती करतात. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) याच प्रयोगावरून सुचला. पुढे येरवडा, पैठण इथेही खुली कारागृहे झाली.

'खुले' म्हणजे पहारा नाही असे नव्हे. तिथे पहारा असतो तो एतबाराचा. मात्र हा एतबार मिळतो शिक्षा झालेल्या, चांगल्या वर्तनाच्या कैद्याला. खुनाची शिक्षा भोगणाराही त्यास पात्र ठरू शकतो. त्याबद्दल आमची तक्रार नाही. माणूस सुधारतो, यावर आमचा ईमान आहे. प्रश्न आहे तो कच्च्या कैद्याचा. कायद्याच्या नजरेत तो अजून निर्दोष, तरी उंच भिंतीआड. २०२२ च्या सरकारी आकड्यांनुसार देशातील दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी होते.

कुणी म्हणेल, सोडले तर आरोपी पळून जाईल, साक्षीदारांना धमकावील. ही भीती खोटी नाही. पण तिचा विचार करूनच न्यायालय जामीन देते. इथे न्यायालयाने एतबार केला आहे. अडले आहे ते आपल्यापाशी.

हजरत यूसुफ अलैहिस्सलाम बेगुनाह असून कैदेत होते. सुटून जाणाऱ्या सोबत्याला ते म्हणाले, मालकापाशी माझी आठवण काढ. तो बाहेर गेला आणि विसरला. यूसुफ आणखी कित्येक वर्षे आतच राहिले.

हा किस्सा आम्ही मुलांना दरवर्षी सांगतो. त्या मुलाची अम्मी शाळेत आली होती. आमच्याकडे पगाराची स्लिप आहे, रेशनकार्ड आहे. जामीनदाराला आणखी काय लागते? आम्ही म्हणालो, "देखेंगे."

त्या सोबत्याला दोष देण्याचा हक्क आता आम्हांला उरला आहे काय?