जुन्या देवळाशेजारची मोकळी जागा



भाविकहो, यंदा मी तुम्हाला अशा एका क्षेत्री घेऊन जाणार आहे, जिथं दत्तमहाराजांचं नाव कोणी ऐकलेलंही नसेल. जपानात इसे नावाचं गाव आहे. मुलगी-जावई नागोयाला असतात, तिथून आगगाडीनं साधारण दीड तास. शिंतो हा जपानचा जुना धर्म आणि इसे हे त्यातलं सर्वांत मोठं स्थान. तिथं मुख्य देवळं दोन. गेकू हे अन्नाच्या देवतेचं, नाइकू हे सूर्यदेवी अमातेरासु हिचं. आधी गेकू करायचं आणि मग नाइकू, असा रिवाज.

गेकूला देवांना रोज सकाळ-संध्याकाळ नैवेद्य जातो. त्यासाठी अग्नी लागतो तो लाकडावर लाकूड घासून काढतात. आपल्या अरणीमंथनासारखंच की हो! भात, मीठ, पाणी, मासे, भाजी असं ताट असतं. मीठसुद्धा देवस्थानचंच. हे दीड हजार वर्षं चाललंय असं तिथली परंपरा सांगते.

नाइकूला जायला इसुझु नदीवरचा लाकडी पूल ओलांडावा लागतो. पलीकडे पाण्याला लागून दगडी पायऱ्या आहेत, तिथं हात धुतले. पाणी गार आणि तळ दिसेल इतकं स्वच्छ. मला वाडीचा घाट आठवला, कृष्णामाई आठवली. पुढं उंचच उंच झाडं आणि पायाखाली खडी. शेकडो माणसं चालत होती, पण आवाज तेवढा खडीचा.

दर्शनाला म्हणून वर चढलो आणि पाहतो तर काय, समोर पांढरा पडदा. देऊळ एकामागून एक चार कुंपणांच्या आत, नुसतं छप्पर तेवढं दिसतं. देवीचं प्रतीक म्हणजे आरसा, तो कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. घंटा नाही, दानपेटी नाही. दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं, झालं. मुलगी म्हणाली, "बाबा, इथं मागायचं नसतं, नुसते आभार मानायचे." आपलं गाणगापूर काय वेगळं आहे? महाराज गेले आणि निर्गुण पादुका ठेवून गेले. दिसत नाहीत म्हणून कोणी परत फिरलंय का? त्यामुळे पडद्याचं मला नवल वाटलं नाही.

नवल वाटलं ते शेजारच्या जागेचं. देवळाला लागून तेवढीच मोठी मोकळी जागा आहे. नुसती खडी पसरलेली आणि मधोमध एक इवलीशी लाकडी खोपटी. मला वाटलं, काही पडलंबिडलं असेल. तर तसं नव्हे. दर २० वर्षांनी या मोकळ्या जागेवर हुबेहूब तसंच नवं देऊळ उभं राहतं, देवी तिथं जाते आणि जुनं उतरवतात. सन ६९० पासून हा क्रम आहे. मध्ये लढायांच्या काळात १२० वर्षांहून जास्त खंड पडला, तरी पुन्हा सुरू केला. २०१३ साली ६२ वी वेळ झाली, पुढची २०३३ ला. तयारीला आठ वर्षं लागतात, म्हणजे ती सुरूही झाली. देवीची वस्त्रं, शस्त्रं, अलंकार अशा १५७६ वस्तूही नव्यानं घडवतात. जुनं लाकूड टाकून देत नाहीत. गाभाऱ्याचे मोठे खांब पुलाच्या दोन टोकांच्या कमानींना लागतात आणि २० वर्षांनी तिथूनही दुसऱ्या गावच्या कमानींना जातात.

वीसच वर्षं का? कारण कोणी लिहून ठेवलेलं नाही. पण तिथं सांगतात ते असं, की विशीतला सुतार हाताखाली शिकतो, चाळिशीत तोच काम करतो आणि साठीत शेजारी उभा राहून दाखवतो. शंभर वर्षं टिकणारं देऊळ बांधलं असतं तर बांधायचं कसं हे जाणणारा माणूसच उरला नसता.

हे ऐकून मी, सवयीनं म्हणा, तिथंच प्रवचन सुरू केलं. "बघ, आणि आपल्याकडची आजची मुलं..." मुलीनं मध्येच विचारलं, "बाबा, दादाला तुम्ही कधी शिकवलंत? आणि मला तर पाटावर बसूसुद्धा दिलं नाहीत."

मंडळी, आता खरं सांगतो. आमच्या घरी आजोबांच्या वेळच्या पादुका आहेत. चाळीस वर्षं पूजा मी एकट्यानं केली आणि त्याचा मला अभिमान होता. मुलगा नऊ वर्षांचा असताना हौसेनं शेजारी बसला, त्याच्या हातून ताम्हन कलंडलं, पोथी भिजली. भरल्या घरात मी त्याला नको ते बोललो. त्यानंतर तो देवघरात आला नाही. आणि मी व्यासपीठावरून वर्षानुवर्षं सांगत आलो, की नव्या पिढीला आस्था नाही! आज गुडघे वाकत नाहीत. पाटावर बसलो तर उठवायला माणूस लागतो.

त्या मोकळ्या जागेपुढं मी बराच वेळ उभा होतो. त्यांनी पुढच्या माणसासाठी जागा आधीपासून मोकळी ठेवली होती. मी माझा पाट कधी रिकामा होऊच दिला नाही.

परत आल्यावर गुरुवारी नातीला हाक मारली. पाट तिला दिला, मी खुर्चीवर बसलो. पळी तिच्या हातात नीट राहीना, पाणी पादुकांवर कमी आणि फरशीवर जास्त. दोनदा माझा हात पुढं गेला, दोनदा मागं घेतला. मग ती अडली आणि विचारू लागली, "आजोबा, आता फूल की गंध?"

मी तोंड उघडणार तोच दारातून आवाज आला, "आधी पादुका पुसून घे. मग गंध. अक्षता, मग फूल." चिरंजीव चहाचा कप हातात घेऊन उंबऱ्याबाहेर उभे होते.