टाळ्या पुरे, आता वही उघडा

पोट्टेहो, मोबाइल दप्तरात टाका आणि माझ्याकडे बघा. आज मी गोड बोलणार नाही.

23 ऑगस्ट 2023 च्या संध्याकाळी चांद्रयान-3 चंद्राच्या दक्षिण ध्रुवाच्या बाजूला उतरलं. तुम्ही फटाके फोडले, ओरडून घसे बसवले, प्रत्येकाच्या स्टेटसला तिरंगा होता. आनंद झाला, तो व्हायलाच हवा होता. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्येच प्रज्ञान रोव्हरनं तिथल्या मातीत काय शोधलं, त्याचा शोधनिबंध 'नेचर' या नियतकालिकात छापून आला. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेनं, म्हणजे पीआरएलनं, रोव्हरवरचं ती माती तपासणारं उपकरण बनवलं होतं. रोव्हर शंभरेक मीटर चालला, 23 वेळा मोजणी केली. चंद्र एके काळी वितळलेल्या खडकाच्या समुद्रानं झाकलेला होता आणि त्यातली हलकी खनिजं वर तरंगून त्याचं कवच झालं, या कल्पनेला त्या मोजणीनं बळ दिलं. हे किती जणांना माहीत आहे, असं मी परवा विचारलं. एवढ्या मोठ्या वर्गातून एक हात वर आला नाही.

मग तुम्ही आनंद कशाचा साजरा केला होता? यान उतरलं याचा. ते तिथं कशासाठी गेलं, याच्याशी तुम्हाला देणंघेणं नव्हतं. तुमचा अभिमान स्टेटससारखा चोवीस तासांत पुसला गेला. आणि वर मला सांगता, "सर, इस्रोत जायची लई इच्छा आहे, पण आपल्या अकोल्यात काय आहे?"

अकोल्यात काय आहे ते ऐका.

तुम्ही ज्या काळ्या दगडावर उभे आहात तो बेसॉल्ट आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थरावर थर बसला आणि दख्खनचं पठार झालं. चंद्रावर जे काळे डाग दिसतात ते बेसॉल्टचेच. मंगळाचा बराचसा पृष्ठभाग बेसॉल्टचाच. म्हणजे परग्रहावरच्या खडकाचा सख्खा भाऊ पातूरच्या घाटात रस्त्याच्या कडेला उघडा पडलेला आहे. तुम्ही त्याला टेकून सेल्फी काढता आणि पुढं जाता.

शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात लोणार आहे, विवरात साठलेलं खाऱ्या पाण्याचं सरोवर. शाळेच्या सहलीत शेगाव, लोणार, सिंदखेडराजा हे सगळ्यांचं झालेलं आहे. तिथं काय पाहिलं, असं विचारलं तर उत्तर येतं: दैत्यसूदनाचं मंदिर, गोमुखाची धार आणि माकडं. 2020 च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा फोटो फॉरवर्ड करायला मात्र सगळे पुढं होते. पाणी गुलाबी का झालं? खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळं झालं, आणि ते पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासून सांगितलं. तपासणी पुण्यात झाली, आपण फोटो काढत राहिलो.

ते विवर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटर खोल आहे. 1823 मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली. पुढची दीडशे वर्षं विद्वान भांडत राहिले की हे ज्वालामुखीचं तोंड आहे की आभाळातून पडलेल्या अशनीचा घाव. सगळा मुलूखच लाव्हाचा, त्यामुळं ज्वालामुखी म्हणणं सोपं होतं. मग भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या लोकांनी तळात भोकं पाडली, खालचे दगड काढले, सूक्ष्मदर्शकाखाली धरले. त्यांत मास्केलिनाइट सापडलं. फेल्डस्पार हे खनिज प्रचंड धक्क्यानं, न वितळता, काचेसारखं होतं तेव्हा मास्केलिनाइट बनतं. असा धक्का कोणताही ज्वालामुखी देत नाही. 1973 मध्ये 'सायन्स'मध्ये निबंध आला आणि वाद मिटला. बेसॉल्टमध्ये झालेली आणि इतकी नीट टिकलेली अशनी विवरं पृथ्वीवर बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. चंद्र आणि मंगळ समजून घ्यायला निघालेली माणसं म्हणून लोणारला येतात. मंगळावरच्या एका विवराला लोणार हे नावही दिलेलं आहे. ते मंगळावर पोचलं आणि तुम्हाला मेहकरमार्गे एसटीनं जाऊन डोळे उघडून बघायला वेळ मिळाला नाही!

अजून ऐका. त्या विवराचं वय आजही पक्कं ठरलेलं नाही. एका पद्धतीनं ते पन्नासेक हजार वर्षं येतं. आर्गॉनच्या समस्थानिकांवरून 2011 मध्ये काढलेलं वय येतं सुमारे 5 लाख 70 हजार वर्षं. दोन उत्तरांत दहा पटींहून जास्त फरक! तुमच्या घरापासून काही तासांवर एक प्रश्न उघडा पडला आहे आणि तुम्ही म्हणता इथं काही नाही.

नागपूर जिल्ह्यातलं काटोल तुम्हाला संत्र्यांसाठी माहीत आहे. 22 मे 2012 ला भर दुपारी तिथं आभाळातून दगड पडले. ती काटोल अशनी जगभरच्या नोंदीत आहे. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी पुढाकार घेऊन तिचे तुकडे तपासले आणि त्यांत ब्रिजमनाइट सापडल्याचं 2021 मध्ये जाहीर केलं. पृथ्वीच्या पोटात सर्वांत जास्त असलेलं खनिज हेच. पण ते शेकडो किलोमीटर खोल, तिथं कुणी पोचू शकत नाही. ते विदर्भात पडलेल्या दगडात हाती लागलं. तुमच्यापैकी एकानं तरी काटोलच्या मामाला फोन करून "दगड पाहिला काय हो?" असं विचारलं का? काहून विचारलं नाही?

आता तुमच्या सबबी घेतो, एकेक करून.

पहिली सबब: "याचा क्लास कुठं आहे?" क्लासेसनी भरलेल्या आपल्या तोष्णीवाल ले-आउटमध्येही नाही. कुठंच नाही. आणि खरा रोग हाच आहे की क्लास नसेल तर ती विद्याच नाही, असं तुम्हाला वाटायला लागलं आहे. चांद्रयान-2 चं ऑर्बिटर 2019 पासून चंद्राभोवती फिरतंय. त्याचा कॅमेरा शंभर किलोमीटरवरून जमिनीवरची फूटभराची वस्तू टिपतो. ती चित्रं, चांद्रयान-1 ची आणि मंगळयानाची माहिती इस्रोच्या 'प्रदान' या संकेतस्थळावर आहे. नाव नोंदवा, उतरवून घ्या, पैसा लागत नाही. नासाचा खजिना असाच उघडा आहे. नकाशे करायला क्यूजीआयएस ही प्रणाली फुकट आहे. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था ऑनलाइन अभ्यासक्रम घेते, फी नाही, प्रमाणपत्रही देते. दिवसाला दोन जीबी डेटा रील्सवर उडवणाऱ्यानं मला साधनं नाहीत म्हणून सांगू नये.

दुसरी सबब: "हे आमच्या पोर्शनमध्ये नाही." खोटं! रोव्हरवरच्या उपकरणात क्युरिअम होतं. त्याच्या किरणांनी मातीतले अणू चेतवले, प्रत्येक मूलद्रव्यानं आपापल्या ऊर्जेचे क्ष-किरण सोडले आणि त्यांवरून माती ओळखली. अणूतल्या ज्या ऊर्जापातळ्यांवर तुम्ही चार पर्यायांतून एक गोल काळा करता, त्यांच्यावरच ते यंत्र चालतं. लोणारचं वय काढायला वापरली ती किरणोत्सर्गी ऱ्हासाची रीत, जिच्या सूत्रात तुम्ही आकडे टाकून मोकळे होता. पोर्शन तोच आहे. तुम्ही तो गुणांसाठी गिळता, समजून घेत नाही, म्हणून तुम्हाला तो चंद्रापर्यंत गेलेला दिसत नाही.

तिसरी सबब पालकांची, आणि त्यांना मी मान देऊन पण स्पष्ट सांगतो. काका, ताई, तुम्ही विचारता, "सर, याला स्कोप काय?" 2024 मध्ये नीटला 23 लाखांहून जास्त मुलं बसली. एमबीबीएसच्या जागा देशभरात सव्वा लाखाहूनही कमी होत्या. तिथला स्कोप तुम्ही विचारला नाही. शेत गहाण ठेवून फी भरली, पोरगं दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा रिपीटला बसवलं, पण त्याला काय आवडतं हे एकदा विचारलं नाही. ज्याला डॉक्टर व्हायचंय त्यानं जरूर व्हावं. ज्याला दगड, तारे, यंत्र यांत जीव वाटतो त्याला त्या रांगेत ढकलणं हा अन्याय आहे.

वाट कोणती, ते लिहून घ्या. नववीतल्या लहान भावाबहिणींसाठी इस्रोचा 'युविका' कार्यक्रम 2019 पासून आहे. निवड झाली की उन्हाळ्यात दोन आठवडे इस्रोच्या केंद्रात राहून शिकायचं. ग्रामपंचायत हद्दीतल्या शाळांच्या मुलांना निवडीत जास्तीचं वजन मिळतं. तेल्हारा, बार्शीटाकळीच्या खेड्यांतल्या पोरांना तर हा फायदाच आहे. बारावीनंतर तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटीत जेईई अॅडव्हान्स्डवरून प्रवेश मिळतो. पुण्याच्या आयसरची स्वतःची प्रवेश परीक्षा आहे. यांतलं काही जमलं नाही तरी रडत बसू नका. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित किंवा भूविज्ञान घेऊन बीएस्सी करा, जॅम परीक्षा द्या आणि आयआयटीत एमएस्सीला जा. अमरावतीच्या संत गाडगेबाबा विद्यापीठात भूविज्ञानाचा पदव्युत्तर विभाग आहे. नेट, गेट किंवा जेस्टमधून पीआरएलमध्ये पीएचडीची वाट उघडते. तिथं ग्रहविज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे आणि अशनींच्या अभ्यासाची जुनी परंपरा आहे. संशोधक विद्यार्थ्याला 2023 पासून महिन्याला 37 हजार रुपये शिष्यवृत्ती आणि वर घरभाडं मिळतं. म्हणजे शिकत असतानाच घरी पैसे पाठवता येतात.

आणि खरं तेही सांगतो, फसवत नाही. ग्रहविज्ञानातल्या कायम नोकऱ्या देशात थोड्या आहेत. पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात. सगळेच इस्रोत जाणार नाहीत. पण जो माणूस उपग्रहाचं चित्र वाचायला, खडक ओळखायला आणि आकड्यांवरून निष्कर्ष काढायला शिकला, तो उपाशी राहत नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात यूपीएससीच्या परीक्षेतून भरती होते. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, नागपूरला राज्याचं सुदूर संवेदन केंद्र आहे, तिथंच मॉइल आणि वेकोलि या खाण कंपन्यांची मुख्यालयं आहेत. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात आपल्या आज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खारं पाणी प्यायलं. त्या गाळाचा आणि त्या क्षारांचा अभ्यास करायलाही हीच विद्या लागते. लोणारचं खारं पाणी समजून घेणारा पोरगा बाळापूरच्या विहिरीचं पाणीही समजून घेईल.

चौथी सबब इंग्रजीची. शोधनिबंध इंग्रजीत असतात, मान्य. मग शब्दकोश घेऊन बसा. पहिला निबंध वाचायला महिना लागेल, दुसऱ्याला पंधरा दिवस. पाया मराठीत घालायचा असेल तर मराठी विश्वकोश ऑनलाइन वाचायला मिळतो. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर केंब्रिजला शिकले, पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली आणि जन्मभर मराठीतही लिहीत राहिले. भाषा त्यांच्या आड आली नाही. तुमच्या आड भाषा येत नाही, आळस येतो.

मी इतकं चिडून बोलतोय कारण मला तुमची कुवत माहीत आहे. पन्नास अंश तापलेल्या पत्र्याखाली बसून रोज दोनशे प्रश्न सोडवणारी पोरं तुम्ही आहात. कष्टाला तुम्ही घाबरत नाही. तुम्ही घाबरता ते ज्याचं उत्तर पाठीमागच्या पानावर छापलेलं नाही अशा प्रश्नाला. विज्ञान तिथूनच सुरू होतं, आणि ही भीती मोडल्याशिवाय मी तुम्हाला सोडणार नाही.

म्हणून गृहपाठ. चंद्राच्या चित्रातलं एक लहान, वाटीसारखं विवर निवडा. त्याचा व्यास मोजा. कडेची सावली तळावर जिथं संपते तिथपर्यंतची लांबी मोजा. चित्रासोबत सूर्याचा उन्नत कोन दिलेला असतो. सावलीची लांबी गुणिले त्या कोनाचा टॅन, म्हणजे कड्यापासून त्या जागेची खोली. दहावीची त्रिकोणमिती आहे, नवीन काही नाही. मग खोली भागिले व्यास करा. चंद्रावरच्या ताज्या लहान विवरांत हे गुणोत्तर साधारण एकपंचमांश येतं. तेच लोणारसाठी काढा. ते निम्म्याहूनही कमी येईल. का येतं, याची तुम्हाला सुचतील ती कारणं पानभर लिहा. पाऊस, गाळ, झीज, काळ, सगळ्यांचा विचार करा. गूगलवरून उतरवलेलं मला ओळखू येतं.

ज्यांना लोणारला जायचंय त्यांनी नावं द्या, मी घेऊन जाईन. कड्यावरचे बेसॉल्टचे थर बाहेरच्या बाजूला कसे कललेले आहेत ते तिथं उभं राहून बघायचं आणि वहीत काढायचं. ते अभयारण्य आहे. एक खडाही खिशात घालायचा नाही. जो घालील त्याला परत दरीत उतरवून जागेवर ठेवायला लावीन.

सोमवारी पहिल्या तासाला वह्या तपासणार आहे. उत्तर चुकलं तर मी बसून समजावून सांगीन, कितीही वेळ लागो. जो कोरी वही आणील तो वर्गाबाहेर उभा राहील, आणि तिथं उभ्यानं हाच प्रश्न सोडवील.