जनुक आणि त्याची बातमी

जेम्स वॉटसन यांचा संपूर्ण जनुकसंच २००७मध्ये जाहीर झाला. डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा उलगडा करणाऱ्या जोडीतला हा माणूस तेव्हा ७९ वर्षांचा होता. स्वतःची सगळी जनुकं जगापुढे मांडायला तो तयार होता, फक्त एक जागा झाकायला त्याने सांगितली. ती 'एपीओई' या जनुकाची. त्याच्या आजीला अल्झायमर झाला होता आणि आपल्या नशिबात काय आहे हे त्याला कळायला नको होतं. पुढे तज्ज्ञांच्या ध्यानात आलं की शेजारच्या मजकुरावरून झाकलेला भागही ओळखता येतो. मग त्या भोवतालचा मोठा पट्टाच काढून टाकावा लागला.

आयुष्यभर जनुकांची महती सांगणाऱ्याने स्वतःच्या एका जनुकाकडे पाठ फिरवावी, याचं हसू येईल. मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो. म्हातारपणात जनुक काही करतं ते करतंच, पण त्या जनुकाची बातमीही माणसाला काहीतरी करते, आणि या दुसऱ्या परिणामाकडे आपण फारसं पाहत नाही.

पहिल्या परिणामाबद्दल वाद नाही. एपीओईच्या 'चार' या प्रकाराचा अल्झायमरशी असलेला संबंध १९९३मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवला. आई किंवा वडील यांपैकी एकाकडून तो आला तर धोका साधारण तिप्पट, दोघांकडून आला तर आठ ते बारा पट. तरीही तो असलेले कितीतरी लोक शेवटपर्यंत शाबूत राहतात, आणि नसलेल्यांनाही आजार गाठतो. शिवाय हे पटीचे आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून काढलेले आहेत. वंश बदलला की ते बदलतात, हे १९९७पासून माहीत आहे.

त्याच वर्षी 'सायन्स'मध्ये स्वीडनमधल्या जुळ्यांचा अभ्यास आला. ऐंशी ओलांडलेल्या २४० जोड्या तपासून निष्कर्ष निघाला की बौद्धिक क्षमतेतल्या फरकांपैकी ६२ टक्के आनुवंशिक आहेत. अनुभवांचं ओझं वाढत जातं तशी आनुवंशिकता मागे पडेल, असा पुष्कळांचा समज होता, त्याला हा धक्का होता. पण या ६२चा अर्थ फार चुकीचा लावला जातो. आजीची ६२ टक्के बुद्धी रक्तातून आली, असं तो सांगत नाही. त्या समाजातल्या माणसामाणसांत जो फरक पडला त्याचा तो हिशेब आहे. परिस्थिती जितकी सारखी, तितका जनुकांचा वाटा मोठा दिसणार. आपल्याकडे परिस्थिती सारखी कधी होती? भारतात साठीपुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के असल्याचा अंदाज २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. ते प्रमाण स्त्रियांत, खेड्यांत आणि शाळा न पाहिलेल्यांत जास्त आढळलं. धाकट्या भावंडांना सांभाळायला शाळेतून काढलेल्या मुलीच आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या विसरण्याचं खापर जनुकांवर फोडणं सोयीचं आहे, एवढंच.

आता बातमीकडे येऊ. धोका सांगितल्यावर माणसं खचतील ही भीती २००९च्या एका अमेरिकी प्रयोगात बरीचशी खोटी ठरली. रुग्णांच्या मुलांना निकाल सांगितले, पण कुणी नैराश्यात बुडालं असं दिसलं नाही. मात्र २०१४मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी वेगळी गोष्ट मोजली. १४४ निरोगी, उतारवयाकडे झुकलेल्या माणसांची त्यांनी स्मरणचाचणी घेतली. काहींना आपला प्रकार ठाऊक होता, काहींना नव्हता. 'चार' असल्याचं ज्यांना ठाऊक होतं, त्यांनी स्वतःच्या स्मरणशक्तीला कमी गुण तर दिलेच, पण ऐकलेली गोष्ट पुन्हा सांगतानाही ते मागे पडले. जनुक तेच असून ते माहीत नसलेल्यांचं तसं झालं नाही. गंमत अशी की 'चार नाही' ही खूशखबर मिळालेल्यांचा विश्वास वाढला, स्मरणशक्ती मात्र होती तेवढीच राहिली.

येलच्या बेका लेव्ही यांनी २०१८मध्ये ४,७६५ वृद्धांची चार वर्षांची माहिती तपासली. 'चार' असलेल्यांपैकी म्हातारपणाबद्दल ज्यांचं मत वाईट होतं त्यांतल्या ६.१ टक्क्यांना स्मृतिभ्रंश झाला. मत चांगलं असलेल्यांत हे प्रमाण २.७ टक्के होतं. प्रकृती बरी असलेल्यालाच म्हातारपण बरं वाटतं, असंही असेल. लेव्हींनी प्रकृती हिशेबात धरली होती, तरी ही शंका पुरती फिटत नाही. तरीपण 'साठी बुद्धी नाठी' हे तोंडावर ऐकत म्हातारं होणाऱ्या समाजाने हे आकडे थोडे गंभीरपणे घ्यायला हवेत.

आपल्या घरांत ही बातमी प्रयोगशाळेतून येतच नाही. 'त्यांच्या घराण्यातच आहे ते,' एवढ्यावर ती दिली जाते आणि त्या क्षणापासून उपाय थांबतात. आजोबा गप्प झाले, प्रश्नाला भलतंच उत्तर देऊ लागले, की त्यांचे वडीलही असेच झाले होते, हे कुणीतरी आठवून सांगतं. कान तपासायचं कुणाला सुचत नाही. 'लॅन्सेट'च्या २०२४च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची जी चौदा टाळता येण्यासारखी कारणं दिली, त्यांत ऐकू न येणं आहे आणि उपचार न केलेला दृष्टिदोषही आहे. ही सगळी कारणं दूर झाली तर जवळपास ४५ टक्के रुग्ण टळू शकतील किंवा त्यांचा आजार लांबणीवर पडेल, असा आयोगाचा अंदाज आहे.

अर्थात वॉटसन यांची अट आज तशीच चालणार नाही. अमेरिकेत २०२३मध्ये पूर्ण मान्यता मिळालेल्या लेकानेमॅब या औषधाने मेंदूला सूज येण्याचा आणि रक्तस्राव होण्याचा धोका 'चार'च्या दोन प्रती असलेल्यांत सर्वांत जास्त असतो. तेव्हा औषध सुरू करण्याआधी तपासणी करणं योग्यच. इथे निकालाचा उपयोग आहे, म्हणून तो हवा. पण औषधाआधी तपासलेल्या एखाद्या आईच्या अहवालात दोन प्रती निघाल्या, तर तिच्या प्रत्येक मुलात निदान एक प्रत आहे हे त्याच कागदावरून कळतं. त्या मुलांपैकी कुणी काही विचारलेलं नसतं, आणि आपल्याकडे आईचा अहवाल संध्याकाळपर्यंत घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला असतो.